आकडे कुठून सुरू होतात

आमच्या घरात आत्याला सगळे मिशाआत्या म्हणतात. तिला मिशा नाहीत, हे आधीच सांगून टाकते. "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं" ही म्हण आईनं एकदा नणंदेला चिडवायला काढली, आणि नणंद चिडायच्या ऐवजी खूश झाली. कारण तिचा सगळा जन्म मिशा मोजण्यात चालला होता. स्वतःच्या नव्हे, किड्यांच्या.

नीट सांगते, नाहीतर लोक भलतंच समजतात. खाडीच्या आणि समुद्राच्या चिखलात बोटाच्या पेराएवढे लांब, दोऱ्यासारखे बारीक किडे राहतात. अंगाला गांडुळासारखी एकामागून एक कडी, आणि प्रत्येक कड्याच्या दोन्ही कुशींना राठ केसांचे झुबके. नुसत्या डोळ्यांना तो किडा म्हणजे शिवणाच्या डब्यातला गुलाबी दोऱ्याचा तुकडा. गुलाबी अशासाठी, की चिखल चाळणीतून धुतला की त्यात गुलाबी रंग टाकतात. जिवंत जे काही होतं ते रंग धरतं, कचरा धरत नाही. मग आत्या चिमट्यानं एकेक दोरा उचलायची, काचेवर ठेवायची आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायची. हे तिनं अडतीस वर्षं केलं. कंटाळा येत नाही का, असं मी तिला एकदाच विचारलं. "तुझ्या वर्गात दरवर्षी तेच पाढे असतात ना?" तिनं विचारलं. मी गणिताची मास्तरीण आहे. पुन्हा विचारलं नाही.

या किड्यांचं एक घराणं तिच्या वाट्याला आलं. शास्त्रातली माणसं त्याला प्रजाती म्हणतात, आत्या घराणंच म्हणते. त्यात चौदा जाती, सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. कुणाला दोन डोळे, कुणाला चार, कुणाच्या शेपटीशी बशीसारखं काहीतरी. पण खरी ओळख केसांत. डोक्याकडून मोजत गेलं की आधीच्या कड्यांवरचे केस सरळ असतात, आणि एका ठरावीक कड्यापासून टोकाला वाकलेले केस लागतात, गळासारखे. त्यांना आत्या आकडे म्हणते. हे आकडे कितव्या कड्यापासून सुरू होतात त्यावर किडा कोण ते ठरतं. एकीचे सातव्यापासून, एकीचे दहाव्यापासून, एकीचे पार सोळाव्यापासून. आता आकडा म्हणजे वाकडा केसही आणि आकडा म्हणजे एक-दोन-तीनही, त्यामुळे तिच्याशी या विषयावर बोलताना माझंसुद्धा डोकं फिरतं. "आकड्यांचा आकडा किती?" असं ती खरोखर विचारते, आणि तिच्या खोलीत कुणी हसत नाही.

ती तिथं पोचली कशी, ते सांगायला हवं. आजोबांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दुकानांची नावं, डॉक्टरांच्या वेळा, 'येथे गाडी लावू नये'. मुलं दोन. बाबा थोरले, आत्या दोन वर्षांनी धाकटी. कॉलेजात एकालाच पाठवणं जमणार होतं. हुशार आत्या होती, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं. पाठवलं बाबांना. बाबा पहिल्याच वर्षात दोनदा नापास झाले आणि परत येऊन दुकानात ब्रश धुवायला बसले. तोवर कॉलेजचे पैसे संपले होते आणि आत्याची वेळ निघून गेली होती. यावर घरात कधीही कुणी बोललं नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि आमच्या घरात भांडणं चवीनं होतात.

मग एके दिवशी समुद्रावरच्या संस्थेतले दाढीवाले सर पाटी करून घ्यायला दुकानात आले. आत्या त्या वेळी चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर अक्षरांना बारीक काळी किनार ओढत होती, हात कशालाही न टेकवता. सर पाटीचं विसरले. तिच्याकडे बघत म्हणाले, "किडे काढशील का?"

आत्याला वाटलं, लाकडातले. "औषध मारा, आपोआप निघतील," ती म्हणाली.

अशी ती संस्थेत चित्रकार म्हणून लागली. पहिल्या दिवशी सरांनी तिला एकच नियम सांगितला: "डोकं सोडून आकडे घालायचे." म्हणजे चित्रात कड्यांना नंबर देताना डोकं मोजायचं नाही. ज्या कड्यावर पहिले केस दिसतील ते पहिलं कडं, तिथून पुढं एक, दोन, तीन. संध्याकाळी आत्या घरी सांगायला लागली, "नोकरी छान आहे. डोकं सोडून काम करायचं आहे." बाबा म्हणाले, "मग सरकारी असणार."

चार-पाच वर्षांनी सरांनी कुठल्याशा लांबच्या खाडीतून अकरा किडे आणले. आत्यानं चित्र काढलं, कड्यांना नंबर दिले. आकडे नवव्या कड्यापासून. बाकी नाकीडोळी सगळा दहावाल्यासारखा, म्हणजे पैशाला पासरी मिळणाऱ्या जातीसारखा, पण आकडे नवव्यापासून. नववाला त्या घराण्यात कुणीच नव्हता. सरांनी पुस्तकं पालथी घातली, चार ठिकाणी पत्रं लिहिली, आणि शेवटी जाहीर केलं की ही नवी जात आहे. त्या जातीला त्यांनी आत्याचं नाव दिलं, मागं लॅटिन शेपूट लावून.

संस्थेच्या निबंधांवर आत्याचं नाव कधी यायचं नाही. डिग्री नव्हती ना. फार तर शेवटी बारीक अक्षरांत 'आकृत्यांसाठी आभार'. आणि आता या घराण्याच्या प्रत्येक यादीत ती होती. बाबांनी हा प्रसंग असा काही डोक्यावर घेतला की आत्यालाच लाज वाटली. किड्याचं अख्खं लॅटिन नाव त्यांनी तीन फुटी पाटीवर सोनेरी अक्षरांत रंगवलं आणि दुकानात दर्शनी लावलं. गिऱ्हाईक विचारायचं, "हे कुठलं औषध?" बाबा सांगायचे, "माझी बहीण आहे."

लहानपणी मला वाटायचं, बाबा बढाईखोर आहेत. मोठेपणी कळलं की ती पाटी त्यांनी स्वतःसाठी लावली होती. बहिणीचं कॉलेज आपण खाल्लं, हे त्यांना टोचत असणार, आणि त्या सोनेरी अक्षरांकडे पाहिलं की टोचणं कमी होत असणार. कॉलेज नाही तर नाही, नाव तर झालं. एवढ्या एका आधारावर तो माणूस आपल्या बहिणीच्या डोळ्याला डोळा देत होता.

आत्याला मात्र एक गोष्ट खटकायची. तो किडा पुन्हा कुणालाच सापडला नाही. त्याच खाडीत लोक तीनदा जाऊन आले. बोटीनं नवा चिखल आणला की आत्या आधी आपला नववाला बघायची, मग बाकीचे. तीस-बत्तीस वर्षं ती चिखलात स्वतःला शोधत होती, असं म्हणायला हरकत नाही. सातवाले मिळायचे, सोळावाले मिळायचे, दहावाले तर चाळणीला चिकटून यायचे. आत्या स्वतः काही मिळायची नाही. "माझी जात लाजाळू आहे," असं ती हसून सांगायची.

गेल्या वर्षी तिची निवृत्ती जवळ आली. संस्थेच्या आताच्या प्रमुख, ज्यांना सगळे नव्या मॅडम म्हणतात, तिला म्हणाल्या, "जाण्याआधी या घराण्याची किल्ली करून ठेवा. आणि लेखिका म्हणून नाव तुमचं. एकटीचं." किल्ली म्हणजे प्रश्नांची साखळी. डोळे दोन? तर तिसऱ्या ओळीवर जा. चार? तर सातव्या ओळीवर जा. असं करत करत हातातला किडा कोण ते कळतं. नवी पोरं पुढची पन्नास वर्षं ती वापरणार. मॅडमची एकच अट होती, की जुन्या चित्रांवर विसंबायचं नाही, प्रत्येक जातीचे पहिले किडे जपून ठेवलेली मूळ बाटली उघडून किडा पुन्हा बघायचा.

आत्यानं एकेक बाटली काढली. प्रत्येक किड्यावर ती निळ्या रंगाचा थेंब सोडायची. हा रंग कड्यांमधल्या फटींत साचतो, रेघा स्पष्ट होतात आणि नंतर धुऊन जातो. तेरा जाती सुरळीत झाल्या. आपली बाटली तिनं शेवटी ठेवली होती, ताटातला आवडीचा घास शेवटी ठेवावा तशी.

निळा रंग टाकला आणि किड्याच्या डोक्यावर, जिथं रेघ असायचं काही कारण नव्हतं, तिथं एक रेघ उमटली. रेघेमागच्या भागाला दोन्ही कुशींना टाचणीच्या टोकाएवढा एकेक खळगा. खळग्यांत मोडलेल्या केसांची खुंटं. आत्यानं दुसरा किडा घेतला. तिसरा घेतला. अकरांतल्या सात जणांना ती खुंटं स्वच्छ दिसली. त्या किड्यांना त्या काळी एकदम कडक अल्कोहोलात टाकलं होतं. ते आकसले, पहिलं कडं डोक्यात ओढलं गेलं आणि त्याच्यावरचे दोन-तीन नाजूक केस गळून पडले. पंचविशीतल्या आत्यानं नियमाप्रमाणे डोकं सोडलं, आणि डोक्याबरोबर एक कडंही सोडलं. नऊ म्हणजे दहा होते. तिचा किडा म्हणजे तोच, चाळणीला चिकटून येणारा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन बसली आणि तिनं हे सगळं सांगितलं. मी वह्या तपासत होते. "माझीच चूक, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "नंबर मी घातले होते. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

मला राग आला. तिचा नाही, त्या दोन केसांचा. तिसऱ्या खांबापासून सातव्या खांबापर्यंत खांब किती, असं विचारलं की निम्मा वर्ग चार म्हणतो, आणि मी निम्म्या वर्गाचा अर्धा गुण कापते. इथं त्याच चुकीला आख्खं नाव जाणार होतं. नियमच असा आहे, की एकाच किड्याला दोन नावं पडली तर जुनं राहतं, आणि नंतरचं त्याच्याखाली बारीक टाइपात जातं. "कुणाला कळणार आहे?" मी विचारलं. "ती बाटली तुझ्याशिवाय उघडतं कोण?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "किल्लीत नववाला ठेवला तर कुणीतरी पोर आयुष्यभर मला शोधत बसेल. मी बसले ना?"

तिला काही वाटलं नाही, असं मी सांगणार नाही. ती रडली. चष्मा काढून, नाक ओढत, व्यवस्थित रडली. मग म्हणाली, "नावाचं जाऊ दे. दादाला कसं सांगू?" सगळा पेच तिथं होता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आधी आम्ही दाढीवाल्या सरांकडे गेलो. आता दाढी पांढरी आहे आणि ऐकू कमी येतं. आत्यानं जुनं चित्र आणि नवं चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं, बोटानं रेघ दाखवली. सर भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कडक अल्कोहोल माझं. बोटीवर दुसरं काही नव्हतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तूच खोड. दुसऱ्या कुणी खोडलेलं मला आवडणार नाही." निघताना त्यांनी तिच्या नव्या चित्राकडे बोट दाखवलं आणि मला सांगितलं, "हात अजून तसाच आहे हिचा." आत्या जिने उतरताना दोनदा हसली. तेवढ्यानं तिचं निम्मं ओझं उतरलं.

उरलेलं निम्मं घरी जेवणाच्या टेबलावर बसलं होतं. आत्यानं बाबांना एका दमात सांगितलं. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तुला कुणी सांगितलं होतं बाटलीत डोकवायला?"

"मॅडमनी."

"डोकावलीस तर डोकावलीस, बोलायची काय गरज? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं कळत नाही?"

"अरे दादा, मुठीत काही नाहीच आहे."

"तुला काही नसेल!" बाबा ओरडले, आणि ताटावरून उठले. बाबा ताटावरून उठलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. आई दारापर्यंत मागं गेली आणि परत आली. आत्या म्हणाली, "जाऊ दे वहिनी, त्याचं जास्त गेलंय."

आठ दिवस त्यांनी तिच्याशी अबोला धरला. दुकानात जायचे, यायचे, पेपर उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. पाटी त्यांनी काढली नाही, आणि काढा असं कुणी म्हणालंही नाही. आत्यानं तिकडे किल्ली पुरी केली. चौदाच्या तेरा जाती झाल्या. मॅडमनी वाचून सही केली, शुक्रवारी ती छापायला जाणार होती. मला एवढंच वाटत होतं, की हा कागद बाहेर गेला की दोघं भावंडं उरलेलं आयुष्य एकमेकांची नजर चुकवत काढणार. तिचं नाव बारीक टाइपात गेलं तरी चाललं असतं. हे मला चालणार नव्हतं, पण माझं तरी कोण ऐकतो.

शुक्रवारी सकाळी बाबा बूट घालून दारात उभे राहिले. "मला दाखव," ते आत्याला म्हणाले. "मी बघितल्याशिवाय काही पाठवायचं नाही."

अडतीस वर्षांत ते तिच्या कामाच्या खोलीत एकदाही गेले नव्हते. दुकान बंद ठेवता येत नाही, जिने चढवत नाहीत, वास सोसत नाही, दरवेळी नवं कारण. मी शाळेत रजा टाकली आणि रिक्षात दोघांच्या मध्ये बसून गेले. खोली लांबट आहे. एका भिंतीला छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर बाटल्या, प्रत्येकीत शाईनं लिहिलेली चिठ्ठी बुडवलेली. खिडकीखाली दगडी बेसिन, त्यात चाळण्या उपड्या घातलेल्या. बाबांनी आधी चिठ्ठ्या बघितल्या. "अक्षर आपल्या दुकानाचं आहे," ते पुटपुटले. ते खरं होतं, सगळ्या चिठ्ठ्यांवर आजोबांचं वळण होतं.

आत्यानं स्टूल पुढं ओढलं, किडा ठेवला, निळा थेंब सोडला, पाण्यानं जादा रंग काढला. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला.

"बापरे," ते म्हणाले. "एवढे केस?"

"मोज. डोकं सोडून. आकडे लागले की थांब."

बाबा मोजायला लागले. ओठ हलत होते. पाट्यांवर चाळीस वर्षं अक्षरांमधली अंतरं मोजलेला माणूस, घाई करत नव्हता. "नऊ," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "नऊच आहेत! बघ, नऊ!"

"पुन्हा मोज. डोक्याच्या मागच्या कडेला बघ."

ते पुन्हा वाकले. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेली, तिची चाकं बराच वेळ ऐकू येत राहिली. बाबांनी डोळा काढला नाही, पण त्यांचे खांदे खाली आले.

"रेघ आहे," ते म्हणाले. "आणि बाजूला खुंटं." मग अगदी हळू, "दहा."

"हो."

"मीसुद्धा नऊच मोजले असते गं."

"मोजलेसच की आत्ता."

मला वाटलं ते आता उठतील. ते उठले नाहीत. मायक्रोस्कोपला डोळा लावूनच बोलायला लागले, जणू त्या किड्यालाच सांगत होते. "कॉलेजात तुला पाठवायला हवं होतं. मला नाही. मला तेव्हाही कळत होतं. आपल्या बाबांनी विचारलं, जाशील ना, तेव्हा मी हिला पाठवा म्हणायला हवं होतं. गप्प बसलो. आजपर्यंत गप्प बसलो."

मी फळीवरच्या बाटल्यांकडे तोंड केलं, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि अशा वेळी मी फार कुरूप दिसते. आत्याचा आवाज मात्र नेहमीचाच होता. "माहीत आहे रे," ती म्हणाली. "मलाही तेव्हाच कळत होतं." आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "चल, सरक आता. मला कागद पाठवायचा आहे."

"थांब," बाबा म्हणाले. "अकरा आहेत ना? दुसरा लाव."

आत्यानं चिमटा उचलला.